अमेरिकेच्या सुरुवातीच्या संसदेतला सर्वांत भन्नाट सदस्य कोण होता?

मॅडिसन, हॅमिल्टन वगैरे नावं बाकीचे देतीलच. माझं मत मॅथ्यू लायनला.

हा आयर्लंडचा. पोरवयात अमेरिकेला आला तो करारावर, म्हणजे बोटीच्या भाड्याचे पैसे फिटेपर्यंत मालकाकडे राबायचं. पुढे व्हरमाँटमध्ये फेअर हेवन गाव वसवलं, लोखंडाचा कारखाना आणि कागदाची गिरणी टाकली, आणि १७९७ मध्ये प्रतिनिधिगृहात पोचला.

तिथे कनेटिकटच्या रॉजर ग्रिसवोल्डने त्याला 'लाकडी तलवारी'वरून डिवचलं. स्वातंत्र्ययुद्धात भित्रेपणा केला म्हणून लायनला लाकडी तलवार लावून फिरवलं होतं, अशी तेव्हा वदंता होती. लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला (३० जानेवारी १७९८). हकालपट्टीला लागणारी दोन तृतीयांश मतं काही जमली नाहीत. मग १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्डने भर सभागृहात त्याला काठीने बडवलं, लायनने शेकोटीजवळचा चिमटा उचलला आणि दोघे जमिनीवर लोळू लागले. शेवटी इतरांनी पाय धरून ओढत त्यांना सोडवलं.

लोकांना एवढंच आठवतं. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्याच वर्षी जुलैत राजद्रोहाचा कायदा आला: सरकारविरुद्ध छापलंत तर खटला. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांना डामडौलाची हाव सुटली आहे, असं लायनने एका पत्रात लिहिलं होतं. पत्र कायद्याआधीचं, छापून आलं कायद्यानंतर. शिक्षा झाली चार महिने कैद आणि १००० डॉलर दंड. व्हर्जेन्सच्या कोठडीच्या खिडकीला काचही नव्हती, आणि व्हरमाँटची थंडी म्हणजे चेष्टा नव्हे. सरकारला वाटलं, गडी संपला. डिसेंबरच्या फेरमतदानात तो तुरुंगातूनच निवडून आला! आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये असेच जिंकले. लायन त्यांच्या पावणेदोनशे वर्षं आधीचा.

१८०१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन आणि बर यांची मतं समसमान पडली आणि निकाल प्रतिनिधिगृहाकडे आला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. व्हरमाँटचे सदस्य दोनच, लायन जेफरसनकडे आणि दुसरा विरोधात, त्यामुळे राज्याचं मत बाद. छत्तिसाव्या फेरीत तो दुसरा मतदानापासून दूर राहिला आणि लायनच्या एकट्याच्या मतावर व्हरमाँट जेफरसनकडे गेलं. अ‍ॅडम्स तर आधीच हरले होते.

नंतर तो केंटकीला गेला, तिथूनही निवडून आला. १८२२ मध्ये आर्कान्सामध्ये वारला. दंडाची रक्कम संसदेने १८४० मध्ये व्याजासकट त्याच्या वारसांना परत केली.