जर्मनीत यूएक्स करायचंय, तर ही तयारी पुण्यातच सुरू कर

पुण्यात आयटी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, जर्मनीत मास्टर्स करून यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामात, नोकरी मिळेल का, पोर्टफोलिओत (आपल्या कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात) काय ठेवू, जर्मन कितपत लागेल, असं विचारलंस. ताई म्हणालास, म्हणून मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगते.

कागदपत्रांचं आधी उरकते. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, आपल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, ते वेळेत हाती घे. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो धर, पण हा आकडा वाढत असतो, व्हिसाच्या वेळी पुन्हा बघ. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही; बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. तू कॉम्प्युटरवाला आहेस, तेव्हा वायमारच्या बाउहाउस विद्यापीठातला ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनचा (माणूस कॉम्प्युटर कसा वापरतो, याचा अभ्यास) मास्टर्स जरूर बघ, तो इंग्रजीत आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण तोवर थांबू नकोस, दुसऱ्या सेमिस्टरपासून एखाद्या कंपनीत वेर्कश्टुडंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी, म्हणून शिर. माझी पहिली नोकरी तिथूनच आली.

आता पोर्टफोलिओ. माझ्यात चार अ‍ॅप होते, रंगसंगती, आयकॉन सगळं चकाचक. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते भराभर सरकवले आणि वहीच्या एका पानाच्या फोटोवर थांबल्या. ते पान लासलगावच्या बाजार समितीतलं. कांद्याचा भाव दाखवणारा अ‍ॅप करायचा होता, म्हणून मी दोन दिवस तिथे जाऊन बसले होते. माझ्या आराखड्यात भाव मोठ्या अक्षरांत, सगळ्यात वर. पण शेजारी बसलेले काका फोनवर गावातल्या माणसाला पहिलं विचारत होते, "आज ट्रॅक्टर किती लागलेत?" भाव नंतर. आवक, म्हणजे बाजारात आलेला माल, किती हे कळलं की माल आज काढायचा की दोन दिवस थांबायचं, ते त्यांचं ठरायचं. मी आवक वर घेतली आणि का घेतली ते पानावर लिहून ठेवलं. मुलाखतीचा निम्मा वेळ त्याच पानावर गेला. म्हणून प्रसिद्ध अ‍ॅपचे रीडिझाइन करत बसू नकोस. एसटी स्टँड, पतसंस्थेचं काउंटर, आजीचा औषधांचा डबा, यांतलं काहीतरी घे आणि माणसाजवळ बसून बघ. तुझ्याइतक्या जवळून ते दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

एक गोष्ट इथे जर्मनीत फार मोलाची झालीय: अ‍ॅक्सेसिबिलिटी. २८ जून २०२५ पासून युरोपात बँकिंग, ऑनलाइन दुकानं, तिकिटं अशा सेवा अपंगांना वापरता येतील अशा असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा, हा नियम पाठ असून भागत नाही. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून, डोळे मिटून स्वतःचंच डिझाइन वापरून बघ.

आणि भाषा. कोर्स इंग्रजीत असला, तरी ज्यांच्यासाठी डिझाइन करायचं ती माणसं जर्मन बोलतात. आमचं डिझाइन लोकांकडून वापरून घेण्याच्या एका चाचणीत सत्तरीच्या आजी अपॉइंटमेंटचा फॉर्म भरत होत्या. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाल्या, "गेट शोन." मी लिहिलं, 'सोपं वाटलं.' सहकाऱ्याने वाचून मान हलवली. त्याचा अर्थ 'होतंय कसंबसं'. आपल्याकडे पाहुणा बेचव चहालाही 'चालेल, चालेल' म्हणतो ना, अगदी तसं. आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, तर त्यांचं बोट दोन बटणांमध्ये तीनदा अडखळलं होतं. ही जागा इंग्रजीतून कधीच सापडली नसती. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, निघण्याआधी निदान जर्मनची बी१ (मधली) पातळी करूनच ये. यूएक्समधल्या संशोधनाकडे, म्हणजे अशा चाचण्या-मुलाखती घेण्याकडे, जायचं असेल, तर तेही कमी पडेल.

पहिलं प्रोजेक्ट लिहून झालं की मला पाठव. स्क्रीन तयार नसल्या तरी चालेल, वहीची पानं मात्र हवीत.