‘काही नाही’ म्हणणारी मुलगी आणि मातीची शिट्टी

“मॅडम, ती घरात बोलतच नाही. काय झालं विचारलं की ‘काही नाही’. मोबाइल काढून घेतला तरी तेच, परत दिला तरी तेच.”

शाळेत समुपदेशक म्हणून आठवी ते दहावीच्या पालकांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. तिचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब पुण्याहून गोव्यात आलं. मुलगी नववीत. आई भेटायला आली तेव्हा मी आधी रोजच्याच गोष्टी विचारल्या: झोप कशी आहे, जेवते का, आवडीच्या गोष्टी अजून करते का, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलली का. यातलं काही बिघडलेलं असेल आणि दोन आठवडे उलटून गेले तरी तसंच असेल, तर शाळेतल्या समुपदेशकावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. स्वतःला इजा करण्याची भाषा असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालतो. या मुलीचं खाणं-झोपणं ठीक होतं. गप्प होती, एवढंच.

त्याच सुमारास शाळेत कलेच्या सरांनी मातीची वाद्यं करायला घेतली होती. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलेली, त्यामुळे बहुतेक मुलं आरतीत वाजणाऱ्या घुमटाकडे धावली. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणायचं, लहान तोंड उघडं ठेवायचं आणि त्यावर तळवा कमी-जास्त झाकत आवाज वळवायचा. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पण वर्गातल्या पोरांना मान्यतेशी काय देणंघेणं! आरतीचा ठेका त्यांच्या हातात लहानपणापासून बसलेला. कुंभाराकडून मडकी आली आणि ती ओली-सुकी न बघता पोरं बडवायलाच लागली.

आणि ही कोपऱ्यात. तो ठेका तिला येत नव्हता, आरतीचे शब्दही ओळखीचे नव्हते. आईला हे ठाऊकच नव्हतं. मुलगी घरी सांगणार तरी काय? ‘सगळ्यांना वाजवता येतं आणि मला नाही’ हे चौदाव्या वर्षी तोंडातून निघत नाही.

सरांनी तिला आणि उरलेल्या काही मुलांना दुसरं काम दिलं, ओकारिनाचं, म्हणजे बोटांसाठी भोकं असलेल्या मातीच्या शिट्टीचं. इटलीतल्या बुद्रिओ गावात जुझेप्पे दोनाती याने १८५३च्या सुमारास या वाद्याला आजचं रूप दिलं. मातीची शिट्टी मात्र त्याहून कितीतरी जुनी, आपल्या जत्रांतही मिळते. मातीच्या दोन वाट्या अंगठ्याने दाबून करायच्या, कडा सुईने खरवडायच्या, मध्ये पातळ चिखल लावून जोडायच्या. मग आइस्क्रीमची काडी घालून फुंकेसाठी चपटी वाट काढायची. ती वाट जिथे संपते तिथे खिडकी कापायची आणि तिची समोरची कड धारदार ठेवायची. फुंक त्या कडेवर नेमकी फुटली तरच आवाज, नाहीतर नुसती हवा. काडी केसभर वर गेली की संपलं. वर्गातल्या निम्म्या शिट्ट्या मुक्याच राहिल्या. हिची वाजली. इतरांनी चार-सहा भोकं पाडून ‘सा रे ग’ काढायचा प्रयत्न चालवला. हिने दोनच पाडली आणि सरांनी सांगूनही तिसरं पाडलं नाही.

इथे थोडं थांबते. ‘मातीत हात घातला की मन मोकळं होतं’ अशी वाक्यं हल्ली फार ऐकू येतात. मला ती पटत नाहीत. कलोपचार, म्हणजे कलेच्या आधाराने केलेला मानसोपचार, हे शिकून करायचं काम आहे. शाळेतला कलेचा तास म्हणजे कलोपचार नव्हे, आणि प्रत्येक मूल मातीशी रमतंच असंही नाही. मी त्या मातीच्या वर्कशॉपमध्ये तिच्या शेजारी बसून माझी स्वतःची वेडीवाकडी वाटी दाबत होते, काही विचारत नव्हते.

कुंभाराच्या भट्टीतून शिट्ट्या भाजून आल्या त्या दिवशी तिने आपली वाजवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हा वर गेलाय. मला खालचा हवा होता.” बरोबर होतं तिचं. माती वाळताना आणि भाजताना आकसते, आतली पोकळी लहान होते, सूर चढतो. सरांनी समजावलं, की मोठी कर, आकसण्याचा हिशेब धरून कर. दुसरी शिट्टी दाबताना, नजर मातीवरच ठेवून, ती सांगायला लागली: पुण्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीचा एक तुटका पाइप होता, रात्री वारा सुटला की त्यातून असा खालचा ‘हूऽऽ’ यायचा, तिच्या खोलीत ऐकू यायचा. मग त्या खोलीचं निघालं, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचं निघालं, आणि शेवटी घुमटाचंही.

आईला यातलं काय सांगू, ते मी तिला विचारूनच ठरवलं. आईला म्हटलं, “‘काय झालं?’ हा प्रश्न काही दिवस बंद. त्याऐवजी हातातल्या कामाबद्दल विचारा. ही फट एवढी बारीक का? भट्टीत फुटत नाही का? आणि विचारताना समोर बसू नका, शेजारी बसा.” नजरेला नजर द्यावी लागली की या वयाची मुलं मिटतात, गाडीत मागच्या सीटवरून मात्र पुष्कळ बोलतात.

अडचण आली ती बाबांकडून. त्यांनी कौतुकानेच तिचा शिट्टी वाजवतानाचा व्हिडिओ काढला आणि न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मामाने लिहिलं, “छान, पण गाणं कुठलं?” शिट्टी आठवडाभर कपाटात गेली. मुलाने स्वतःसाठी केलेल्या गोष्टीचा आपण पाहुण्यांपुढे कार्यक्रम करतो आणि वर अर्थही विचारतो, तेव्हा ते मूल ती गोष्ट उचलून ठेवतं. बाबांना मी एकच करायला सांगितलं: व्हिडिओ काढून टाका आणि तिला सरळ ‘मी विचारायला हवं होतं’ म्हणा. पुढे ‘पण आम्हाला तुझा अभिमान…’ वगैरे काही जोडू नका. त्यांना ते जड गेलं, पण म्हणाले.

शाळेला प्रदर्शनात नंबर काढायचे होते. सरांनी आणि मी भांडून ते टाळलं. तिने पहिली शिट्टी मांडली, दुसरी नाही.

महिन्याभराने आईचा फोन आला, “मॅडम, हिला बासरीचा क्लास लावू का? सूर तरी शिकेल.” म्हटलं, तिला विचारा. उत्तर फोनवर मागूनच ऐकू आलं: “क्लास नको, माती हवीय.”

माती आणली. ‘काही नाही’ अजूनही अधूनमधून येतं, विशेषतः परीक्षेच्या आसपास. पण आता मायलेकींची रोजची वादावादी बेसिनवरून असते: मातीचे हात बादलीत धुवायचे असं ठरलेलं असतानाही ही बेसिनमध्ये धुते आणि पाइप तुंबतो. तुमच्याकडे मूल माती आणणार असेल तर बादलीचं तेवढं पहिल्या दिवशीच ठरवून टाका.