दुप्पट कामाची ऑर्डर आणि पगाराची ओढाताण

प्रश्न : माझा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. वर्षअखेरच्या हिशेबात विक्रीवर 10 टक्के नफा दिसतो, तरी पगाराच्या वेळी दर महिन्याला ओढाताण होते. आता एक नवा ग्राहक आमच्या सध्याच्या एकूण विक्रीइतके काम देऊ करत आहे. पैसे मात्र माल पोहोचल्यावर 60 दिवसांनी मिळतील. पुरवठादारांची बिले लांबवून ऑर्डर घ्यावी, असे माझ्या भागीदाराचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : नफा आणि ओढाताण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण बिल केले की नफा वहीत चढतो, पैसा मात्र ग्राहक देईल तेव्हाच खात्यात येतो.

हे मधले अंतर दिवसांत मोजावे. कच्चा माल आल्यापासून तयार माल पोहोचेपर्यंत 30 दिवस आणि ग्राहकाची मुदत 60 दिवस असे 90 दिवस धरले, आणि पुरवठादार 15 दिवसांची उधारी देत असतील, तर 75 दिवसांचा खर्च आपल्याला पदरचा घालावा लागतो. खर्च विक्रीच्या 90 टक्के असल्याने नव्या कामात अडकून राहणारी रक्कम आजच्या साधारण 67 दिवसांच्या विक्रीइतकी होते. आपला वर्षभराचा नफा मात्र जेमतेम 36 दिवसांच्या विक्रीइतका आहे. भाड्यासारखे खर्च दुप्पट होणार नाहीत, म्हणून आकडा थोडा उतरेल, तरीही एका वर्षाचा नफा त्याला पुरणार नाही.

पुरवठादारांची बिले लांबवणे म्हणजे त्यांना न विचारता घेतलेले बिनव्याजी कर्ज होय, आणि पगाराची तारीख त्यांच्याकडेही असते. मुदत वाढवून हवी असेल तर ती ऑर्डर घेण्याआधी मागावी व लेखी ठरवावी. ग्राहकांकडून वसूल केलेल्या कराला आणि पगारातून कापलेल्या रकमेला तर हातच लावू नये. तो पैसा आपला नसतोच, म्हणून त्याचे खातेही वेगळे असावे.

ऑर्डर नाकारावी, असे मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीला चौथाई काम घ्यावे, कच्च्या मालापुरती आगाऊ रक्कम मागावी आणि महिनाअखेरीस एकच बिल करण्याऐवजी पोहोचलेल्या मालाचे बिल दर आठवड्याला करावे. लवकर पैसे देण्याच्या बदल्यात ग्राहकाने 5 टक्के सूट मागितली, तर तो आपला निम्मा नफा मागत आहे. शिवाय सगळे काम घेतल्यास निम्मी विक्री त्या एकट्यावर अवलंबून राहील. काम किती काळ मिळेल याची लेखी हमी हाती येईपर्यंत कर्ज काढून नवे यंत्र घेऊ नये.

बोलणी करण्यापूर्वी पुढच्या 13 आठवड्यांचा जमाखर्च आठवड्यागणिक कागदावर मांडावा. नव्या कामाचा पहिला पैसा त्यात अगदी शेवटच्या आठवड्यात येतो, हे पाहून भागीदारही विचारात पडतील. जुन्या ग्राहकांची येणी लिहिताना बिलावरची तारीख न धरता ते प्रत्यक्षात पैसे केव्हा देतात ती तारीख धरावी. नव्या ग्राहकाची सवय ठाऊक नसल्याने त्याला माल पुरवणाऱ्या दोघातिघांकडे चौकशी करावी. 60 दिवसांचे 90 कितीदा होतात, हे तेच सांगू शकतील.