गावात लाईट जाते, जूनमध्ये शाळेवर परत जायचं आहे. ब्रेस्ट पंप कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातलं गाव, आठवा महिना, फेब्रुवारीअखेर बाळंतपण. जूनच्या शेवटी शाळा उघडली की साडेनऊ ते पाच तुम्ही घराबाहेर. मेडिकलवाला दीडशे रुपयांचा पंप दाखवतो, घरचे सहा हजारांचा दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक मागवायचा म्हणतात, आणि नणंदेचा जुना पंप कपाटात पडून आहे. यातला कोणता घ्यावा?

ताई, आत्ता एकही नको. पंप लागणार आहे तो जूनमध्ये. आज न कळणाऱ्या दोन गोष्टी तोवर कळलेल्या असतील: तुमच्या बोंडशीचं माप, आणि बाळ अंगावर नीट ओढतंय की नाही. खोकं एकदा फोडलं की पंप बहुधा कोणी परत घेत नाही, म्हणून घाई महागात पडते. आणि कोणी आणून ठेवलाच, तर पोटात बाळ असताना लावून बघू नका. बोंडशी ओढली गेली की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि कळा सुरू होऊ शकतात.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत पंपाचा तसाही उपयोग नसतो. चीक घट्ट असतो आणि एका वेळेला जेमतेम एक-दोन चमचे येतो. तेवढा पंपाच्या नळीला आणि बाटलीच्या बुडालाच चिकटून राहतो. तेव्हा कामाला येतो तो हात. हातानं दूध काढणं बाळंतपणाच्या दवाखान्यातच नर्सकडून किंवा घरी येणाऱ्या आशाताईकडून शिकून घ्या. ते पुढेही उपयोगी पडतं: लाईट नसली, पंप बिघडला किंवा छाती दाटून दगडासारखी झाली तर हातच मदतीला येतो.

पद्धत अशी. हात साबणानं धुवा. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं छातीवर ठेवा, मग हलक्या हातानं चोळा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडशीपासून सुमारे दोन बोटं मागे, काळ्या भागाच्या कडेला ठेवा. आधी बोटं छातीच्या दिशेनं आत दाबा, मग एकमेकांकडे दाबा, मग सोडा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि बोंडशी पिळायची नाही. दूध बोंडशीत साठत नाही, तिच्या मागे असतं. पहिलं मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही, मग थेंब, मग पान्हा फुटला की धार. एका बाजूला पाच मिनिटं, मग दुसऱ्या, पुन्हा पहिली, अशी वीस-तीस मिनिटं. बोटांची जागा गोल फिरवत राहा, नाहीतर एका कोपऱ्यातलं दूध तसंच राहून गाठ होते.

याला एक अपवाद आहे. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं झालं आणि जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (नवजात बाळांच्या विशेष कक्षात) ठेवलं, तर जूनची वाट बघायची नाही. पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला लागा आणि चोवीस तासांत किमान आठ वेळा काढा, त्यातलं एकदा रात्री. बाळ ओढत नसताना दूध वाढवायचं असेल तर दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप खरंच कामाचा; पण आधी तिथल्या सिस्टरला वॉर्डात पंप आहे का ते विचारा.

आता पंप. दीडशे रुपयांचा तो रबरी फुग्याचा, सायकलच्या भोंग्यासारखा पंप घेऊ नका. फुगा दाबून सोडला की किती ओढ बसेल यावर आपला ताबा नसतो, त्यामुळे बोंडशी चिरते. दूध फुग्यात शिरलं की तो आतून धुता येत नाही, सुकत नाही. आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत आतून आंबट वास येतो. गावाकडच्या मेडिकलमध्ये नुसतं ‘ब्रेस्ट पंप द्या’ म्हटलं की हाच हातात पडतो, म्हणून नाव घेऊन मागा: दांड्याचा, सिलिकॉनच्या व्हॉल्व्हचा (झडपेचा) हातपंप.

नणंदेचा पंपही नको, घरातला असला तरी. घरगुती इलेक्ट्रिक पंप एका बाईपुरता असतो. ज्या पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो त्यात दुधाची वाफ नळीतून मोटरपर्यंत जाते आणि आत बुरशी धरते. नवीन नळी, नवीन बाटली लावून ती जात नाही. मोठ्या दवाखान्यातले अनेकींनी वापरायचे पंप वेगळ्या बांधणीचे असतात आणि तिथेही प्रत्येकीचा संच स्वतंत्र असतो. नणंदेला वाईट वाटेल तर डॉक्टरांवर ढकलून द्या.

सहा हजारांच्या पंपात वेळ वाचतो हे खरं: दोन्ही बाजू एकाच वेळी पंधरा मिनिटांत होतात. पण तुम्हाला शाळेत दोनदाच काढायचं आहे, आठदा नाही. शाळेत मोटरचा घूं-घूं आवाज येणार, चार्जिंग लागणार, धुवायचे भाग दुप्पट. तुमच्या जागी मी दांड्याचा हातपंप घेईन. साधारण सहाशे ते पंधराशे रुपयांत चांगला मिळतो, वीज लागत नाही, आवाज नाही, आणि ओढ आपल्या हातात. तोटा एकच, अंगठा आणि मनगट भरून येतं. ते सोसवत नसेल तर एका बाजूचा इलेक्ट्रिक बघा, पण तो ५ व्होल्टच्या यूएसबी वायरवर चालणारा हवा, म्हणजे मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालतो. वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागणारा गावात अडचणीचा. कंपनी कोणतीही असो, तिचा व्हॉल्व्ह सुटा विकत मिळतो का हे आधी बघा. मिळत नसेल तर तो पंप तीन महिन्यांचा पाहुणा.

माप हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. छातीला लागतं ते नरसाळं, त्याच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो: २१, २४, २७ वगैरे. खोक्यात बहुधा २४ किंवा त्याहून मोठं येतं. दहाचं नाणं २७ मिमीचं असतं. ते बोंडशीशेजारी धरून बघितलं की २७ चं नरसाळं किती मोठं आहे ते डोळ्यांना कळतं. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, शाळेच्या पट्टीनं बोंडशीच्या बुडाचा व्यास मोजा. काळा भाग मोजायचा नाही, फक्त बोंडशी. त्यात दोन-तीन मिमी मिळवा, तेवढं नरसाळं घ्या. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघालं तरी घाबरायचं कारण नाही. बोंडशी नळीच्या भिंतीला घासत असेल, काढल्यावर पांढरी पडत असेल तर नरसाळं लहान आहे. काळा भागही आत ओढला जात असेल तर मोठं. मोठ्या नरसाळ्यात बसणारे सिलिकॉनचे छोटे कॉलर मिळतात, त्यानं काम भागतं.

वापरताना आधी भराभर आणि हलकी ओढ द्या, बाळ सुरुवातीला जसं चुटूचुटू ओढतं तशी. पान्हा फुटला की सावकाश आणि थोडी जोराची. दुखलं की ओढ लगेच कमी करा. जोर वाढवला की दूध वाढतं हा गैरसमज आहे, दुखण्यानं उलट पान्हा अडतो. एकूण पंधरा-वीस मिनिटं पुरे. नरसाळ्याची कड पाण्यानं किंवा दुधाच्या थेंबानं ओली केली तर हवा गळत नाही.

किती यायला हवं? बाळाची एक वेळ चुकवून काढलं तर दोन्ही बाजूंचं मिळून ६० ते ९० मिलि ठीक आहे. बाळाला पाजून झाल्यावर काढलं तर १५ ते ६० मिलि. बाटलीत ३० मिलि दिसलं आणि घरात कोणी म्हणालं, ‘तिले दूधच पुरत नाई’, तर बाटली दाखवू नका, बाळाचं वजन दाखवा. बाळ पंपापेक्षा जास्त काढतं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि अंगणवाडीच्या काट्यावर वाढतं वजन, हे खरं माप. वजन वाढत नसेल तर बाळाची पकड तपासून घ्या. पंप हा त्यावरचा पहिला इलाज नाही.

पंप अचानक ओढेनासा झाला तर मोटरला किंवा दांड्याला दोष देण्याआधी व्हॉल्व्ह काढून उजेडात धरा. बदकाच्या चोचीसारखा तो सिलिकॉनचा तुकडा, त्याच्या टोकाला एक बारीक चीर असते. चीर ओठ मिटल्यासारखी बंद दिसली पाहिजे. उघडी राहिली, किंवा धुताना ब्रश घातल्यानं फाटली, तर हवा तिथूनच जाते. म्हणून व्हॉल्व्हला ब्रश लावायचा नाही, साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळायचा. रोज वापरात असला तर दोन-तीन महिन्यांत बदला.

धुणं: दूध लागलेले सगळे भाग सुटे करून आधी साध्या गार पाण्यानं खळबळा. पहिल्यांदाच गरम पाणी घातलं तर दूध चिकटून बसतं. मग वेगळ्या पातेल्यात साबणानं धुवा. घरच्या भांड्यांच्या टबात आणि घासणीनं नको. दिवसातून एकदा पाच ते दहा मिनिटं उकळा. पातेल्याच्या बुडाला स्वच्छ फडकं अंथरा, नाहीतर प्लास्टिक तळाला लागून वाकतं. चुलीवर उकळत असाल तर झाकण ठेवा, राख उडते. पुसायचं नाही, पदरानं तर नाहीच. जाळीखाली पालथं ठेवून वाळू द्या. बोअरच्या जड पाण्यात उकळलं की पांढरा थर बसतो आणि व्हॉल्व्ह कडक होतो. त्यासाठी फिल्टरचं पाणी वापरा, थर बसलाच तर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा. इलेक्ट्रिकची नळी धुवायची नाही. आत वाफेचे थेंब दिसले तर नुसती मोटर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा.

खरी अडचण पंपात नाही, उन्हाळ्यात आहे. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं जे सांगतात ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. टिनाच्या घरात मे महिन्यात पारा कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे काढलं की लगेच पाजा, नाहीतर तासाभरात फ्रिजमध्ये. माठाजवळ किंवा ओल्या फडक्यात ठेवणं म्हणजे फ्रिज नव्हे. फ्रिज सलग चालू असेल तर चार दिवस टिकतं. लाईट जाणाऱ्या घरात मी २४ तासांत संपवायला सांगेन. दारात नाही, आतल्या भिंतीजवळ ठेवा, डबीवर वेळ लिहा. लाईट गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज सुमारे चार तास गारवा धरतो. वर सायीचा थर आला म्हणजे दूध नासलं असं नाही. हलकेच फिरवा, मिसळतं. गरम करायचं तर डबी कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा, गॅसवर नाही.

शाळेचा हिशेब: या वयात बाळाला ताशी साधारण २५ ते ३५ मिलि लागतं, म्हणजे तुमच्या साडेसात तासांसाठी सुमारे १९० ते २६०. निघताना पाजा. मधल्या सुट्टीत आणि तीनच्या सुमारास, असं दोनदा काढा. दोन वेळचं तेवढं होईलच असं नाही, म्हणून सकाळी पहिल्या पाजण्यानंतर घरी एकदा काढा. हा सकाळचा सराव शाळा उघडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, म्हणजे पहिल्या दिवसाचं दूध आदल्या दिवशी तयार असतं. काढलेलं दूध स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत, डबी बर्फ झालेल्या दोन बाटल्यांसह थर्माकोलच्या पेटीत. रात्री लाईट गेली आणि बर्फच झाला नाही, त्या दिवशीचं दूध टाकून द्यावं लागेल. पण काढणं चुकवू नका, नाहीतर आठवड्याभरात दूध आटायला लागतं आणि गाठी होतात. गाठ लाल झाली, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि त्या बाजूनं पाजणं सुरूच. जागेसाठी मुख्याध्यापकांशी मे महिन्यातच बोला. कायद्यात (आधी मातृत्व लाभ कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता) बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा यासाठी वेळ देण्याची तरतूद आहे.

पाजायला बाटली नको. पंपासोबत चोखणी फुकट येते, ती बाजूला ठेवा. वाटी-चमचा किंवा घरातलं बोंडलं घ्या, फक्त बोंडल्याची चोच आतून बारीक ब्रशनं रोज घासा. बाळाला निम्मं बसवून, दूध ओठाला लावून, त्याच्या गतीनं. तोंड लागून उरलेलं दूध दोन तासांनंतर ठेवायचं नाही, म्हणून डबीतून एका वेळी ५०-६० मिलिच ओतून घ्या, लागलं तर पुन्हा. सासूबाईंना हे सगळं तुम्ही घरी असतानाच चार-पाच वेळा करून बघू द्या. बाळ आईच्या हातून वाटीनं घेत नाही, समोर आई असली की त्याला अंगावरच हवं असतं. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत जा. आणि उन्हाळा आहे म्हणून वरून पाणी पाजू नका असं त्यांना आधीच सांगून ठेवा: अंगावरच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं.