बूट होताना लिहायचं कुठे?

प्रिय मित्रा,

बूट होताना, म्हणजे मशीन सुरू होताना, फाइल लिहू पाहणारी तुझी लिनक्स स्क्रिप्ट वाचली. लॉजिक ठीक आहे, घोडं अडलंय ते जागेवर. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' (फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही) ही एरर दिसली की रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टम, रीड-राइट करून मोकळं व्हावंसं वाटतं. तो मोह आवर. एफएससीके या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामचं काम होईपर्यंत रूट मुद्दाम 'आरओ' (रीड-ओन्ली) ठेवलेला असतो. तपासणी चालू असताना ब्लॉक बदलले, तर दुरुस्ती राहिली बाजूला, डेटाच हातचा जायचा.

/टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरवर विसंबू नकोस. एखाद्या मशीनवर तिथे लिहिता येईलही, आणि ते जास्त वाईट. कारण अनेकदा थोड्या वेळाने त्याच जागी टीएमपीएफएस, म्हणजे रॅममधली फाइल सिस्टम, माउंट होतं (जोडलं जातं) आणि तुझी फाइल त्याखाली दडते. डिस्कवर जागा खाते, पण फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारलंस तर दिसत नाही. असला बग शोधताना डोक्याला मुंग्या येतात. /व्हार बऱ्याच सर्व्हरवर वेगळ्या पार्टिशनवर असतं आणि नंतर माउंट होतं, तेव्हा त्याचाही भरवसा नाही.

सरळ /रन वापर; बूटच्या सुरुवातीपासून लिहिता येणारं हे रॅममधलं फोल्डर. ते आधी नव्हतं तेव्हा डिव्हाइस सांभाळणारा यूडेव्ह आपल्या फाइली /डेव्हमध्ये लपवायचा, डेबियन या लिनक्स डिस्ट्रोने (वितरणाने) /लिब/इनिट/आरडब्ल्यू अशी सोय केली होती; सगळा जुगाडच. 2011च्या सुमारास डिस्ट्रोंनी /रन स्वीकारलं. इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीचा रॅममधला तात्पुरता रूट, असेल तर तोच ते माउंट करतो आणि खरा रूट सापडला की जसंच्या तसं तिकडे हलवतो, त्यामुळे आतल्या फाइल टिकतात. इनिटरामएफएसच्या स्वतःच्या /टीएमपीत ठेवलेलं मात्र स्विच-रूटच्या (खऱ्या रूटकडे जाण्याच्या) वेळी पुसलं जातं.

हे सगळं रॅममध्ये आहे, हे विसरू नकोस. टीएमपीएफएसची मर्यादा सांगितली नाही तर ती रॅमच्या निम्मी असते, आणि /रनला सहसा त्याहून कमीच मिळते. लहान बोर्डावर तिथे लॉग ओतलेस तर इतर सर्व्हिसेसही अडकतील. /डेव्ह/एसएचएम हे सामायिक मेमरीचं फोल्डरही त्या वेळी लिहिण्याजोगं असतं, पण तिथे कोणीही फाइल करू शकतो; रूट युजरच्या (अ‍ॅडमिनच्या) स्क्रिप्टने तिकडे फिरकू नये.

सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये) 'रनटाइमडिरेक्टरी=' लिही. फोल्डर, मालकी, सफाई सगळं तोच बघतो. तुझी सर्व्हिस वनशॉट (एकदाच चालून संपणारी) आहे, म्हणजे काम संपताच फोल्डरही जाईल; पुढच्या सर्व्हिसला ती फाइल हवी असेल तर 'रनटाइमडिरेक्टरीप्रिझर्व्ह=येस' जोड.

आता स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'फाइंडएमएनटी /रन' चालव (/रन कसं माउंट आहे ते कळेल), आउटपुट /डेव्ह/केएमएसजीत, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ढकल आणि बूट झाल्यावर तो लॉग दाखवणाऱ्या डीमेसजीतल्या त्या ओळी मला पाठव.