स्वीडिश शिबिराचे दोन आठवडे: आमचा तीन उन्हाळ्यांचा अनुभव

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काही वर्षांपूर्वी आम्हीही गोथेनबर्गहून मिनिआपोलिसला आलो होतो आणि आमच्या घरात हेच बोलणं चालू होतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला सहा वर्षं काढून तुम्ही गेल्या वर्षी मिनिआपोलिसला आलात. तिथे मैत्रिणींशी स्वीडिशमध्ये भांडणारी तुमची अकरा वर्षांची लेक आता काकडीला काय म्हणतात यावर अडते. उत्तर मिनेसोटातल्या बेमिजीकडच्या स्वीडिश भाषेच्या उन्हाळी शिबिराला दोन आठवडे पाठवून काही उपयोग होईल का, शाकाहारी पोर तिथे खाईल काय आणि फोनशिवाय राहील का, असं तुम्ही विचारलंय.

पाठवा. फक्त ‘स्वीडिश टिकावं’ एवढ्याच आशेनं पाठवू नका. दोन आठवड्यांत भाषा टिकत नाही, परत आल्यावर घरी काही केलं नाहीत तर दिवाळीपर्यंत पुन्हा विरून जाते. शिबिरात वेगळंच काहीतरी होतं. वर्षभर जी भाषा ‘आई बोल म्हणते म्हणून’ बोलायची असते, ती तिथे लोणी मागायला लागते, होडीत जागा मिळवायला लागते, रात्री दिवा गेल्यावर शेजारच्या पलंगावरच्या मुलीशी कुजबुजायला लागते. पोराला भाषेची गरज पडते. घरी आपण कितीही केलं तरी ही गरज आपल्याला निर्माण करता येत नाही. मी दोन वर्षं करून पाहिलं आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे शिबिर कॉन्कॉर्डिया लँग्वेज व्हिलेजेसचं. मिनेसोटातल्याच मूरहेड गावच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजनं १९६१ मध्ये जर्मनपासून सुरुवात केली, मग एकेक भाषेचं ‘गाव’ वाढत गेलं. स्वीडिशचं गाव १९७५ चं, नाव शोलुंडेन. ‘शो’ म्हणजे तळं, ‘लुंड’ म्हणजे राई, तेव्हा तळ्याकाठची राई. मिनेसोटातच का, हे तिथल्या आडनावांवरूनच कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १३ लाख स्वीडिश माणसं अमेरिकेत आली आणि त्यातली पुष्कळ या भागात स्थिरावली. लिंडस्ट्रॉम नावाचं एक गाव आहे. रस्त्यावरच्या पाटीवरून त्याच्या ‘ओ’वरचे दोन ठिपके गेले, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर मार्क डेटन यांनी आदेश काढून ते परत बसवायला लावले. ती बातमी वाचली तेव्हा मला ‘टिळक’चं ‘तिलक’ झालेलं पाहून होणारा त्रास आठवला. ही माणसं आपल्यासारखीच आहेत असं वाटलं.

आता पहिल्या दिवसाबद्दल सविस्तर सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. गाडीतून उतरलं की मुलांना खेळातल्या ‘सीमेवरून’ जावं लागतं. पासपोर्ट मिळतो, स्वीडिश नाव निवडायचं असतं, घरून आणलेले पैसे तिथल्या बँकेत द्यायचे असतात. मग कस्टमवाले बॅग उघडतात. फोन, गोळ्या-चॉकलेटं, इंग्रजी पुस्तकं सगळं बाजूला काढून नाव लिहून ठेवतात. माझ्या लेकीनं ‘तूवा’ हे नाव घेतलं, तिच्या जुन्या वर्गातल्या एका मुलीचं. तिच्या बॅगेत कपड्यांखाली आजीनं पाठवलेलं मराठी गोष्टींचं पुस्तक होतं. ते मी ठेवलं नव्हतं, तिनंच घातलं होतं. कस्टमवरच्या ताईनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. इंग्रजी नाही म्हणून काढून घेता येईना, स्वीडिश नाही म्हणून तसंच सोडताही येईना. तिनं विचारलं, ‘वा ए दे फर स्प्रोक?’ म्हणजे ही कुठली भाषा?

वर्षभरात लेकीला कुणी स्वीडिशमध्ये खरा प्रश्न विचारलाच नव्हता. आम्ही विचारायचो, पण आम्हाला उत्तर आधीच माहीत असायचं. इथे समोरच्या माणसाला खरोखर माहीत नव्हतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मुर्मुर्स स्प्रोक.’ आईच्या आईची भाषा. ताईनं पुस्तक परत बॅगेत ठेवलं, वरून टॉवेल नीट घडी करून घातला आणि पासपोर्टवर शिक्का मारला. मी पाच पावलांवर उभी होते. त्या वर्षभरात तिच्या तोंडून आपणहून आलेलं ते पहिलं स्वीडिश वाक्य.

याच ठिकाणी आपल्या मुलांचा एक फायदा असतो, तो तुमच्या लेकीलाही होईल. स्वीडिशमध्ये नाती आपल्यासारखीच सोलून सांगतात. मावशीला मुस्तर, आत्याला फास्तर, मामाला मुरब्रूर, काकाला फारब्रूर. इंग्रजीवर वाढलेल्या मुलांना हे पाठ करावं लागतं, आपल्या मुलांना फक्त नवा शब्द जोडायचा असतो. उलट आजीच्या बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. आपण दोन्हीकडच्या आजीला आजीच म्हणतो, ते आईच्या आईला मुर्मुर आणि बाबांच्या आईला फारमुर म्हणतात. लिंगाचंही तसंच. तीन लिंगं सांभाळणाऱ्या मुलाला ‘एन’ आणि ‘एत’ ही दोनच सांभाळायची म्हणजे ओझं नाही. अडचण होते ती ‘तू’ची. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी मानाची संबोधनं गळून पडली आणि सगळे एकमेकांना ‘दू’ म्हणू लागले. माझी लेक पहिल्या आठवड्यात पन्नाशीच्या शिक्षिकेला ‘दू’ म्हणायला बिचकायची, कारण अमेरिकेत आल्यापासून घरी आम्ही मराठीवर जोर दिला होता आणि ‘मोठ्यांना अहो-जाहो’ हे तिच्या अंगात मुरलं होतं. तुमच्याकडे तसं असेल तर आधी बोलून ठेवा की तिथे ‘दू’ म्हणजे उद्धटपणा नव्हे.

फॉर्म भरताना एक गोष्ट जीव लावून करा. भाषेच्या रकान्यात मी पहिल्या वर्षी ‘थोडं येतं’ लिहिलं. मला वाटलं, विसरलीच आहे. तिला नवशिक्यांच्या गटात बसवलं आणि दोन दिवस ती रंग आणि आकडे म्हणत बसली. तिनं सांगितल्यावर त्यांनी लगेच गट बदलला, पण ते दोन दिवस माझ्या चुकीमुळे गेले. तुम्ही स्पष्ट लिहा: तिथल्या शाळेत किती वर्षं शिकली, वाचता येतं का, लिहिता येतं का, बोलणं कधीपासून थांबलं. समजणं शाबूत असतं, अडतं फक्त तोंडाशी. अशा मुलांना बोलक्या गटात टाकलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्द बाहेर पडू लागतात.

तिथे येणारी बहुतेक मुलं स्वीडनला कधी गेलेली नसतात. कुणाचे पणजोबा स्वीडनचे, कुणाला भाषेचं वेड. त्यांच्यात आपलं पोर ट्रॅमनं शाळेत गेलेलं असतं, हिवाळ्यात चारला अंधार पडताना पाहिलेलं असतं. मिनिआपोलिसच्या शाळेत माझी लेक ‘वेगळं बोलणारी नवीन मुलगी’ होती. इथे तिला विचारायला मुली येऊ लागल्या. ‘सात’ या आकड्याचा स्वीडिश उच्चार तर सगळ्यांनाच छळतो, धड ‘श’ नाही, धड ‘ख’ नाही, ओठ गोल करून घशातून फुंकर मारायची. तिनं एका दुपारी धक्क्यावर पाय सोडून बसून चार मुलींना तो शिकवला. माझ्या मते त्या दुपारनं तिला जेवढं दिलं तेवढं कुठल्याच वर्गानं दिलं नाही.

जेवणाचं सांगते. फॉर्मवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका. अंडं चालतं का, मासे चालत नाहीत का, जिलेटिन चालतं का, हे वेगवेगळं लिहा, कारण चघळायच्या स्वीडिश गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असतं आणि दुकानात मुलं तीच घेतात. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक हा स्वीडिश रिवाज. मूळ सुपात डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी पातेलं वेगळं आहे का, हे मुलीलाच विचारायला शिकवा. ते वाक्य तिला स्वीडिशमध्ये यायलाच हवं, हीसुद्धा गरजच. बाकी बटाटे, राय नावाच्या धान्याची कडक पोळी, चीज, लिंगनबेरीचा मुरंबा आणि सकाळी फिलम्योल्क. तुमच्या लेकीला फिलम्योल्क आठवत असेलच, पातळ दह्यासारखं असतं. माझी पोर त्यात साखर घालून आणि डोळे मिटून खायची. जेवून उठताना सगळे ‘टाक फर माटेन’ म्हणतात, जेवणाबद्दल आभार. आपण ‘वदनी कवळ घेता’ जेवणाआधी म्हणतो, ते नंतर म्हणतात.

आणि वेलची. दुपारच्या फीकाला, म्हणजे स्वीडिश चहा-कॉफीच्या सुटीला, ताजे बन असतात आणि स्वीडिश लोक बनमध्ये सढळ हातानं वेलची घालतात. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून तो वास आला आणि माझी लेक रडायला लागली. तिच्या डोक्यात वेलचीचा वास म्हणजे आमच्या घरचं श्रीखंड, आणि त्याच वेळी गोथेनबर्गच्या शाळेसमोरची बेकरीसुद्धा. दोन्ही घरं एकदम आठवली. ताईनं तिला बन मळायला बोलावलं. वेलची कुटायचं काम तिच्याकडे आलं आणि मग ते सत्र संपेपर्यंत तिच्याकडेच राहिलं.

यावरून घरच्या आठवणीचं. ती येतेच, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. फोन नसतो, पण पत्रं येतात. मला आलेल्या पहिल्या पत्रात तीन ओळी मोडक्या स्वीडिशमध्ये होत्या आणि खाली, वेलांट्या उलट्या देऊन, ‘आई इथे डास खूप आहेत’. मी गाडी काढायच्या बेतात होते. यजमान म्हणाले, आधी ऑफिसला फोन कर. केला. पोर जेवते, झोपते, होडी वल्हवायला शिकली आहे असं कळलं. पत्र पोहोचेपर्यंत तिचं रडणं दोन दिवस मागे पडलेलं होतं. तेव्हा पत्र वाचून लगेच न्यायला जाऊ नका. मिनिआपोलिसहून साडेतीन-चार तासांचं अंतर आहे, मोह होतो. डास मात्र खरेच आहेत, उत्तर मिनेसोटातल्या तळ्याकाठचे. त्यावरचं औषध, लांब बाह्यांचे दोन पातळ शर्ट आणि डोक्यावर टोपी द्याच.

दिवस कसा जातो ते तुमची लेक येऊन सांगेलच. गाणी भरपूर, अगदी जेवायला बसतानाही. ‘कुब’ खेळतात, लाकडी ठोकळे दांडक्यांनी पाडायचे आणि मधला राजा शेवटी. राजा आधी पडला की डाव गेला. लाकडी घोडे रंगवतात, पोहतात, तळ्यावर जातात. जूनच्या सत्राला गेलात तर पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचण्याचा मिडसोमार, म्हणजे भर उन्हाळ्यातला स्वीडिश सण, मिळतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी जूनच निवडा. हायस्कूलला गेल्यावर क्रेडिट मिळणारा चार आठवड्यांचा कार्यक्रमही असतो, पण आत्ता त्याचा विचार नको. खर्च बराच आहे हे खरं. शिष्यवृत्ती असतात, त्यासाठी हिवाळ्यातच अर्ज करा.

परत येतानाची एक गोष्ट. गाडीत बसल्या बसल्या ‘काय काय शिकलीस?’ विचारू नका. माझी लेक तो प्रश्न ऐकून एकदम मिटली आणि बेमिजी मागे पडेपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या वर्षी मी फक्त म्हटलं, ‘भूक लागली असेल ना?’ तर ती स्वीडिशमध्ये ‘हो’ म्हणाली, तेही श्वास आत ओढून, उत्तर स्वीडनमधली माणसं म्हणतात तसं. एका ताईकडून उचललं होतं. मग घरापर्यंत मराठी, स्वीडिश, इंग्रजी सगळं मिसळून चार तास अखंड. मला निम्मं कळलं नाही, मी थांबवलंही नाही.

पुढे टिकवायचं तर आठवड्यातून एकदा तिकडच्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल लावा, पण त्यात तुम्ही बसू नका. स्वीडिश रेडिओवर मुलांसाठी गोष्टी असतात, आम्ही त्या गाडीत लावायचो. मिनिआपोलिसमध्ये अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट तुमच्याजवळच आहे, जुन्या वाड्यात. तिथे भाषेचे वर्ग आणि सणवार होतात, डिसेंबरात नक्की जा.

आणि पत्रांसाठी दहा-बारा पाकिटं घरूनच द्या. त्यांवर तुमचा पत्ता लिहून, तिकिटं चिकटवून. दोन पाकिटांवर मुर्मुरचा भारतातला पत्ताही घाला, तिकडची तिकिटं जास्तीची लागतात. तुम्ही उत्तर मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात.