उपकेंद्रावर रुजू झालेल्या मुलीला

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नळावर, किराणा दुकानात, एसटीत बाया तुला गाठतात आणि विचारतात, "तिच्या सुनेचं काय निघालं व सिस्टर?" तू गप्प राहिलीस की नवी सिस्टर शिष्ट आहे म्हणतात. म्हणू दे. मी अशा वेळी एवढंच सांगायची, "तुझ्याबद्दल कोणी विचारलं तरी मी असंच सांगणार नाही." बहुतेक जणी तिथंच थांबायच्या. पण विषय टाळायला "काही नाही, बरी आहे ती" असं म्हणू नकोस. आज एकीचं "बरी आहे" सांगितलंस आणि उद्या दुसरीच्या वेळी "मला सांगता येत नाही" म्हणालीस, तर गाव तेवढ्यावरून ताडतं. साध्या सर्दी-तापाचं विचारलं तरी उत्तर एकच ठेव.

तोंडातून जेवढं बाहेर जातं, त्याहून जास्त आपल्या कामाच्या पद्धतीतून जातं. अंगणवाडीतला आरोग्य-पोषण दिवस आठव. एकाच चटईवर सगळ्या गरोदर बाया, तू रक्त घेतेस आणि आशाताईला आकडे ओरडून सांगतेस. हिमोग्लोबिनचं एक वेळ निभावतं, सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, निभावत नाही. सोल्युबिलिटीच्या, म्हणजे सिकलसेलच्या पहिल्या चाचणीच्या, नळीतलं द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की शेजारच्या बाईलाही कळतं. त्या गढूळ नळीवरून ती वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण मुलांना आजार देऊ शकते) की रुग्ण हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. पण तो रिपोर्ट येईपर्यंत गावात "सिकलवाली" हे नाव पडलेलं असतं, आणि घरात लग्नाची बहीण असेल तर तिचंही स्थळ मोडतं. आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत आले. तरी आपला रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे त्या मुलीनं ठरवायचं. सोयरीक जमवणारा माणूस उपकेंद्रावर येऊन रजिस्टर बघायला मागेल, त्याला ते उघडून दाखवायचं नाही. नळ्या भिंतीच्या बाजूला ठेव आणि निकाल एकेकीला आत बोलावून सांग. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यातले मोजके अपवाद सोडले तर त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगायची वेळ आली तरी तो अधिकार डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला आहे, तोही अटींसह. परिचारिकेला तो नाहीच. नवऱ्यानं कितीही गळ घातली तरी त्याला आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्राच्या, समुपदेशकाकडे पाठव. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईची खूण करायची सवय काही ठिकाणी अजून आहे. तू ती लावून घेऊ नकोस. हातमोजे सगळ्यांसाठीच घालायचे, मग खूण कशाला?

गर्भपाताचंही तसंच. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर तिचं नाव नको तिथं उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि मोबाईल. सर्पदंशाच्या सुजलेल्या पायाचा फोटो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलास, की संध्याकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर असतो. शेतकऱ्यानं विष घेतलं की दारात बातमीदार उभे राहतात. कर्ज किती होतं, घरात काय झालं, यातलं काहीही तुझ्याकडून जाता कामा नये. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे बोट दाखव आणि आत ये.

आता ज्यानं तुझी झोप उडणार आहे ते. काही ठिकाणी गप्प बसणं हाच गुन्हा असतो. मुलगी पोटुशी आहे, आधारवर वय सतरा, आणि आई हात जोडून म्हणते, "अठरा लिवा ना सिस्टर." लिहू नकोस. लग्न झालंय म्हणून कायदा सोडत नाही. अठराखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यात ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुला वाटेल, कळवलं तर ही पोरगी पुन्हा येणार नाही, घरीच बाळंत होईल, नाहीतर एखाद्या भोंदू डॉक्टरकडे जाईल. ही भीती खरी आहे. कायदा करणाऱ्यांनी आपल्या गावांचा पुरेसा विचार केला नाही, असं मला अजूनही वाटतं. पण ते तुझ्या रजिस्टरात खोटं वय लिहून सुटणार नाही. आधी तिचा बीपी बघ, रक्त तपास, गोळ्या दे. मग तिला आणि आईला स्वच्छ सांग की हे कळवावं लागतं, आणि कळवल्यावरही तपासणी, औषध, बाळंतपण यातलं काही थांबणार नाही. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी दे आणि पोलिसांकडे खबर गेली का याची खात्री कर, कारण जबाबदारी तुझीही आहे. गर्भपातासाठी आलेली असेल तर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक वाट मोकळी केली: मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना खबर देताना डॉक्टरांनी तिचं नाव सांगायची गरज नाही. ही गोष्ट तिच्या आईला नक्की सांग. पुष्कळ आया नावाच्याच भीतीनं पोरीला आडमार्गानं नेतात.

तपासणीच्या टेबलाला पडदा नाही, असं तू शेवटी लिहिलंस. त्यासाठी कुणाची वाट बघू नकोस. गावच्या आरोग्य समितीच्या पुढच्या सभेत अबंधित निधीतून (किरकोळ गरजांसाठी मिळणाऱ्या पैशातून) पडदा घ्यायचा ठराव मांड, आणि रजिस्टर ठेवायला कुलपाचं कपाटही त्यातच धर. सरपंच कुरकुरले तर मला फोन कर, मी त्यांच्याशी बोलते.

तुझ्या मॅडम